पापड कुठं वाळवायचे?

चित्रं आली तेव्हा मी कणीक मळत होते. हात भरलेले, म्हणून फोन भाचीनंच उघडला. पुण्याच्या चित्रकारानं पहिल्या आठ पानांची कच्ची रेखाटनं पाठवली होती. ‘आत्या, तुझं पुस्तक आलं,’ असं ओरडून तिनं ओट्यावर कोपरं टेकवली आणि एकेक चित्र दोन बोटांनी मोठं करून बघायला लागली. दुसरीत आहे ती, पण चित्र बघताना तलाठी सातबारा बघतो तशी बघते. तिसऱ्या चित्रावर थांबली. ‘हे कुणाचं घर?’ म्हटलं, मोठ्या आज्जीचं. मोठी आज्जी म्हणजे तिची पणजी, माझी आज्जी. तिनं चित्र आणखी मोठं केलं, फोन आडवा केला, परत उभा केला. मग म्हणाली, ‘मग ती पापड कुठं वाळवायची गं? ह्याच्यावरून तर सगळे घसरून पडतील की.’

मी कणकेच्या हातानंच फोन घेतला. चित्र छान होतं, खोटं कशाला बोलू. तांबड्या कौलांचं उतरतं छप्पर, दारात तुळशीवृंदावन, मागं डोंगराची निळी रेघ आणि घराच्या बाजूला वाकलेलं नारळाचं झाड. खाली माझंच वाक्य, ‘लातूर जिल्ह्यातलं एक गाव, १९४८’. (१९४८ साली लातूर जिल्हाच नव्हता, तो झाला १९८२ मध्ये. ती चूक माझी, ती नंतर सुधारली.) आमच्या गावात नारळ दिसायचा तो देवळात आणि वाण्याच्या दुकानात. झाडाला लागलेला नारळ मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत.

हसले. संध्याकाळी जेवताना सगळ्यांना सांगितलं, तेही हसले. चित्रकाराला निरोप पाठवला की आमच्याकडं माळवदाची घरं असतात, छप्पर सपाट, फोटो पाठवते. मुलगा गुणी आहे. लगेच उत्तर आलं, ‘सॉरी ताई, करतो. पण तुमच्या मजकुरात ‘आज्जीचं घर’ एवढंच होतं.’

त्याचं बरोबर होतं. चोवीस पानांच्या पुस्तकात मी आज्जीचं नऊवारी लुगडं लिहिलं होतं, तिच्या कपाळावरचं गोंदण लिहिलं होतं, जात्याची घरघर आणि बैलांची नावंही लिहिली होती. घराबद्दल मात्र दोन शब्द, आणि छपराबद्दल एकही नाही. ज्या घरात मी वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत वाढले, त्याचं माळवद मी विसरले कशी?

माळवद माहीत नसलेला कुणी हे वाचत असेल असं वाटत नाही, तरी सांगते, कारण सांगायला मला आवडतं. दगडमातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, त्यावर सागाच्या तुळया, तुळयांवर लाकडाच्या चिपा दाटीवाटीनं, त्यावर पाला आणि मग वर हातभर पांढरी माती. गावठाणातली, ‘पांढरी’तली. रानातली काळी पिकाला आणि गावातली पांढरी घराला, असा सरळ हिशेब. मृगाच्या आधी दर वर्षी पांढरीची पाटी डोक्यावर घेऊन बाया शिडीनं वर चढायच्या, माती पसरायच्या, चोपायच्या. मधोमध उजेडासाठी साणं. त्यातून उन्हाचा एक खांब खाली स्वयंपाकघरात उतरायचा आणि त्यात चुलीचा धूर निळा होऊन फिरत बसायचा. दुपारी तो खांब बळदाच्या, म्हणजे धान्याच्या अंधाऱ्या कोठीच्या, दारापर्यंत सरकला की आज्जी म्हणायची, आता तीन वाजले. घड्याळ होतं घरात, पण ते आजोबांचं.

उन्हाळ्यात सगळा संसारच वर चालायचा. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, चिंच. रात्री पाण्याचा शिडकावा करून गोधड्या वरच. तापलेल्या मातीवर पाणी पडल्यावर जो वास येतो तो पहिल्या पावसाचा नसतो, त्याला थोडा कुरडयांच्या चिकाचाही वास असतो. आणि घरं एकमेकांना खेटून असल्यामुळं वरची वाट वेगळीच असायची. खाली गल्लीनं जायला वळसा, वरून गेलं तर चार ढांगांत शेजारच्या घरी. मांजरं, पोरं आणि घाईतल्या बाया त्या वाटेनं जायच्या. पुरुष सहसा नाही, दुसऱ्याच्या साण्यातून खाली नजर गेलेली बरी दिसत नाही म्हणून.

हे सगळं लाडानं लिहिताना दुसरी गोष्ट लपवता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून गावं झोपलेली असताना किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा माणसं मारली ती ह्याच भिंतींनी आणि ह्याच हातभर मातीनं. सुमारे १०,००० माणसं गेली. आमचं गाव जरा लांब, म्हणून आमच्याकडं भिंतींना भेगा आणि निम्मं माळवद खाली, एवढ्यावर भागलं. त्यानंतर वर्षभर आमच्या भागात छताखाली झोपायला माणूस तयार नव्हता. वडिलांनी पडलेल्या बाजूला पत्रे टाकले. स्वयंपाकघराची बाजू तेवढी अजून जुनी आहे, आणि आई तिथंच पापड घालते. भाचीला माळवद माहीत आहे ते ह्या उरलेल्या निम्म्यामुळं. आईला कितीदा म्हटलं, आता तेही पाड. ती म्हणते, पापड पत्र्यावर करपतात.

मी तिसरीत होते तेव्हा भूगोलाचं पुस्तक जिल्ह्याचं असायचं. तिसरीला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र आणि शिवाजी महाराज, असा क्रम. माझ्या वाट्याला चुलतबहिणीचं जुनं पुस्तक आलं, त्यावर उस्मानाबाद. आम्ही तर लातूरचे झालेलो. गुरुजींनी ज्यांची ज्यांची जुनी पुस्तकं होती त्यांना पुढं बोलावलं आणि नकाशावर पेन्सिलीनं नवी हद्द काढून दिली. रबर वापरू नका म्हणाले. नकाशात आमच्या तालुक्याचं नाव छापलेलं होतं, मांजरा आणि तेरणा निळ्या रेघेत होत्या, आणि मला आठवतंय, मी त्या नावावर बोट ठेवून घरी सगळ्यांना दाखवत फिरले होते. छापलं म्हणजे खरं, असं वाटायचं ते वय. पुढच्या वर्षी चौथीत गेलो आणि सगळा इतिहास घाटावर गेला. दऱ्या, खिंडी, कडे, रानवाटा. मी खिडकीतून बाहेर बघायचे तर क्षितिजापर्यंत सपाट काळं रान आणि त्यात हरभरा. महाराजांच्या आजोबांचं वेरूळ आपल्या मराठवाड्यातलं, हे गुरुजींनी सांगितलं तेव्हा वर्गात एक पोरगा मागून ओरडला होता, ‘मग ते तिकडं कशाला गेले?’

म्हणूनच असेल, मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षात एका प्रकाशकांनी ‘मुलांसाठी मराठवाड्याचं छोटं पुस्तक लिहाल का’ विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मराठवाड्यावर मुलांसाठी काय मिळतं ते शोधायला दुकानं पालथी घातली. संतांची चरित्रं आहेत. पैठणचे एकनाथ, गंगाखेडची जनाबाई, तेरचे गोरोबाकाका. अजिंठा-वेरूळची गुळगुळीत पानांची पुस्तकं आहेत. देवगिरीचा किल्ला आहे, त्यातला अंधारी भुयारी मार्ग मुलांना भारी आवडतो. पण वाकलेला म्हातारा मराठवाडी माणूस, त्याचं बोलणं, त्याचं घर, त्याची अमावस्या? ते कुठंच नव्हतं.

अमावस्येवरून तर संपादकबाईंशी फोनवर दोन वेळा बोलणं झालं. मी ‘येळवस’ लिहिलं होतं. त्यांनी ‘वेळ अमावस्या’ केलं आणि शेजारी खूण करून तळटीप मागितली. आता गंमत अशी की त्या ‘वेळे’चा आणि घड्याळाचा काही संबंध नाही. शेजारी कर्नाटकात तिला येळ्ळ अमावस्या म्हणतात, येळ्ळु म्हणजे तीळ. आमच्या लोकांनी कानातला शब्द तोंडात ठेवला आणि शाळेनं त्याला शुद्ध करून बिघडवला. त्या दिवशी लातूर-धाराशिवची शहरं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, तिच्यात पांढऱ्या चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गार आंबील. पूजा झाली की रानाभोवती पाणी शिंपडत ‘ओलगे ओलगे’ म्हणत फिरायचं. पुढचे शब्द गावागणिक वेगळे, मी तीन लोकांना विचारलं तर चार प्रकार मिळाले. संपादकबाई म्हणाल्या, मुलांना हे शब्द कळणार नाहीत. मी म्हटलं, बाई, ‘ई ईडलिंबाचा’ म्हणत पिढ्या साक्षर झाल्या, ईडलिंबू मी आजतागायत पाहिलेलं नाही. त्या हसल्या. येळवस राहिली. तळटीपही राहिली, पण लहान अक्षरात.

ह्या विजयावर मी फार खूश होते. पुस्तकात आपली बोली आली, आपला सण आला. तेरच्या संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली आली. दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार करणारं तेर, आणि थेट इटलीत पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीची आठवण व्हावी अशी ती बाहुली. भाचीला तिथं नेलं होतं तेव्हा तिनं काचेला नाक लावून विचारलं होतं, हिची वेणी कोण घालायचं? ते वाक्य मी जसंच्या तसं उचलून पुस्तकात घातलं. दोन हजार वर्षांपूर्वीचं लिहायला काही जात नाही. त्या बाहुलीचा नातू आमच्या गल्लीत राहत नाही.

सतरा सप्टेंबरचं पान मात्र सहा वेळा लिहिलं.

तारखा सोप्या आहेत. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, आमच्याकडं तेरा महिने अजून निजाम होता. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेनं आत आल्या, १७ ला निजाम शरण आला. स्वामी रामानंद तीर्थ हे आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर होते, हे मुलांना सांगायला छान वाटतं. पण निजामाच्या बाजूनं हत्यार धरणारे रझाकार कोण, हे कसं सांगायचं? दुरून आलेला राक्षस असता तर गोष्ट सरळ होती. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करायचा. म्हणजे आमच्याच कोर्टात, आमच्याच गंजगोलाईतून जाणारा-येणारा माणूस. आणि रझाकारांच्या विरोधात लिहितो म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ज्याला ठार मारलं तो ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान. भाचीच्या वर्गात चाळीस मुलं, त्यातली सात-आठ मुसलमान. तिची जिवाभावाची मैत्रीण त्यातलीच, दोघी डब्यातली गुळपोळी निम्मी निम्मी खातात. मी पान लिहिताना प्रत्येक वेळी त्या दुसऱ्या मुलीला समोर बसवून वाचत होते आणि प्रत्येक वेळी एखादं वाक्य खोडत होते. शेवटी शोएबुल्ला खानांना एक चौकट दिली आणि स्वतःला शाबासकी दिली.

आज्जी त्या दिवसांना ‘रझाकारीत’ म्हणायची. रझाकारीत असं झालं, रझाकारीत तसं झालं. तिच्या माहेरचं गाव जाळलं होतं. तिचे वडील अंगावरच्या धोतरानिशी चालत आमच्या गावी आले ते इथंच वारले. ही गोष्ट ती मोठ्या आवाजात सांगायची, ढाळजेत बसून, चार माणसांत. ह्या पुस्तकातल्या आज्जीच्या पानावर तीच आहे.

दुसरी गोष्ट ती हळू सांगायची. ती ‘ॲक्शन’नंतरची, म्हणजे सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतरची. फौज आली, निजाम शरण गेला, आणि मग गावोगावी हिशेब चुकते करायला माणसं निघाली. ज्यांनी काही केलं होतं ते आधीच पळालेले, सापडले ते घरात बसलेले. पंडित सुंदरलाल समितीनं नंतर फिरून अहवाल दिला, तो कित्येक दशकं कुणी बाहेर काढला नाही. त्यात मेलेल्यांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा आहे, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आमचा तेव्हाचा उस्मानाबाद आहे. हा आकडा मी चाळिशी ओलांडल्यावर वाचला. आज्जीची गोष्ट त्याच्या कितीतरी आधी ऐकलेली, पण तिला कुठं जागाच नव्हती. तिला वाटायचं ही घरातली गोष्ट आहे, आणि मलाही तसंच वाटायचं.

शेजारी चाची राहायची. चाचा कापूस पिंजायचे. ॲक्शननंतरच्या एका रात्री चाचा घरी नव्हते, आणि गल्लीच्या तोंडाशी माणसं जमल्याचा आवाज येत होता. आज्जी तेव्हा असेल सोळा-सतरा वर्षांची, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, माहेर जळालेलं. ती शिडीनं वर गेली, वरच्या वाटेनं चार ढांगा टाकून चाचीच्या साण्यापाशी गेली आणि आत तोंड घालून हाक मारली. चाची आणि तिची तीन लेकरं माळवदावरून आमच्या घरात आली आणि चार दिवस बळदात राहिली. ज्वारीच्या बळदात, अंधारात. सासऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. ते आज्जीशी बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी दूध जास्त घेतलं.

आता कळलं ना, मी माळवद का ‘विसरले’ ते. लिहिलं असतं तर त्याच्यावरून कोण आलं तेही लिहावं लागलं असतं. पहिल्या मसुद्यातच ते नव्हतं, त्यामुळं संपादकबाईंना काही कापावंच लागलं नाही. मी ‘आज्जीचं घर’ म्हणून मोकळी झाले आणि त्या बिचाऱ्या मुलानं मोकळ्या जागेवर कौलं चढवली. वर मी येळवशीसाठी भांडून बोलीचा झेंडा मिरवत होते. एवढ्या साध्या गोष्टीला मी इतकी का भ्याले, ते आजही नीट सांगता येत नाही. कुणी म्हणेल माहेर जाळलं ते पान मोठं हवं. कुणी म्हणेल बळदाचं पान मोठं हवं. कुणी म्हणेल लेकरांना हे कशाला. तिघांचंही थोडं थोडं मला पटतं, हीच पंचाईत आहे.

संपादकबाईंना फोन केला, सगळं सांगितलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘एक पान वाढेल. पानं चारच्या पटीत लागतात. दुसरं काहीतरी काढावं लागेल.’ बैलांची नावं काढली. मजकूर अगदी थोडा ठेवला: त्या रात्री शेजारची चाची आणि तिची तीन लेकरं माळवदावरून आमच्या घरी आली. का आली, तेही एका वाक्यात. चित्रकारानं विचारलं, रात्र कशी दाखवू, चांदणं होतं का? मला कुठं माहीत. गावी आईला फोन लावला. ती काहीतरी निवडत बसलेली असावी, सुपाचा आवाज येत होता.

‘चांदणं कुठलं? पाऊस होता की. भादव्यातला.’

‘तुला काय माहीत?’

‘तुझी आज्जीच सांगायची. माती ओली, त्यात पाय रुतले. सकाळी बघते तर त्यांच्या घरापासनं आपल्या शिडीपोतर पावलंच पावलं. मग उजाडायच्या आत वर जाऊन हातानं लिंपून काढलं तिनं सगळं. सासू म्हणाली, पावसाळ्यात माळवद काय लिंपायलीस, येडी का काय.’

एवढी वर्षं ही गोष्ट मला माहीत आहे असं समजत होते आणि पावलांचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. आईला म्हटलं, हे कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, तू विचारलंस कधी?

मागच्या आठवड्यात नवं चित्र आलं. ह्या वेळी हात कोरडे होते, तरी फोन भाचीकडंच दिला. दोन सपाट माळवदं, मधली कठड्याची फट, काळं आभाळ, तिरपा पाऊस. साण्यातून येणारा चिमणीचा पिवळा उजेड. आणि पांढऱ्या ओल्या मातीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं. पापड अर्थातच नव्हते, पावसाळा होता. त्याबद्दल तिनं काही विचारलं नाही. पावलांवर बोट ठेवून ती पुढं पुढं गेली, मग परत मागं आली.

‘मोठी दोन माणसं,’ ती म्हणाली. ‘पण लहान पावलं दोघांचीच आहेत. लेकरं तीन होती ना?’

मी चित्र परत बघितलं. खरंच दोघांचीच होती. म्हटलं, सांगते त्याला.

‘नको,’ ती म्हणाली. ‘तिसऱ्याला मोठ्या आज्जीनं कडेवर घेतलं असणार.’